नवीन टॅब घरात आला, आता त्यात कोणती अ‍ॅप्स घालायची?

गणेश चवथीच्या आधी आम्ही म्हापशाहून टॅब आणला. दहा इंची, 64 जीबी, सिमकार्ड नाही, फक्त वायफायवर चालणारा. डिचोलीला घरी पोचेपर्यंत पोरांनी गाडीतच खोका फोडला होता आणि रात्रीची जेवणं होईपर्यंत त्यात सदतीस अ‍ॅप्स जाऊन बसली होती, प्ले स्टोअर उघडलं की वरच "टॉप फ्री" म्हणून जी रांग दिसते ना, तिच्यातलीच एकामागोमाग एक. आठवड्याने टॅब माझ्या हातात आला तेव्हा त्यातली तीसेक तरी कुणी परत उघडलीसुद्धा नव्हती, जागा भरत आली होती, आणि मधूनमधून कुठल्यातरी गेमची घंटी वाजत होती की परत या, तुमचं बक्षीस वाट बघतंय. मग एका रविवारी बसून सगळं काढून टाकलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली. तेव्हापासून जे जे कळलं ते सांगते, कारण सणाच्या ऑफरमध्ये टॅब घेणारी बरीच घरं माझ्या ओळखीत आहेत आणि सगळीकडे पहिला आठवडा असाच जातो.

सगळ्यात आधी स्टोअर उघडूच नका. एक कागद घ्या आणि घरातलं कोण दिवसभरात काय करतं ते लिहा. अ‍ॅपचं नाव नाही लिहायचं, काम लिहायचं. आमचा कागद असा झाला: बाबा (माझे सासरे) सकाळी पेपर वाचतात, संध्याकाळी पेटी घेऊन भजनाचा रियाज करतात, पेपरातली अक्षरं आता त्यांना बारीक दिसतात. लेक तिसरीत आहे, चित्रं काढते, मराठी वाचताना जोडाक्षरांवर अडखळते. धाकटा पाच वर्षांचा, त्याला सगळंच हवं असतं. नवऱ्याला पाऊस आणि पक्षी. मला रात्री अर्धा तास वाचायला. आणि आई (सासूबाई) म्हणाल्या, मला काय करायचाय गो तो, मला काहीएक नको. तेही लिहून ठेवलं.

आता स्टोअरमध्ये जायचं आणि "बेस्ट अ‍ॅप्स फॉर टॅब्लेट" असं काही शोधायचं नाही, कागदावरचं काम शोधायचं. "तानपुरा", "बर्ड साउंड", "मराठी वाचन", असं. फरक लगेच कळतो, कारण पहिल्या शोधात ज्यांनी जाहिरातीवर पैसे ओतलेत ती वर येतात आणि दुसऱ्यात निदान त्या कामाची तरी येतात. तिथेही पहिल्या एकदोन निकालांवर बारीक अक्षरात "जाहिरात" किंवा "स्पॉन्सर्ड" लिहिलेलं असतं, ते सोडून खाली या.

एखादं अ‍ॅप बरं वाटलं की इन्स्टॉलचं बटण दाबायच्या आधी दोन मिनिटं त्या पानावर काढा, तिथेच सगळं लिहिलेलं असतं पण कुणी वाचत नाही. नावाखाली "जाहिराती आहेत" आणि "अ‍ॅपमधील खरेदी" असे दोन शब्द असतात, दोन्ही असतील आणि अ‍ॅप पोरांसाठी असेल तर मी सरळ पुढे जाते. मग बनवणाऱ्याचं नाव बघायचं, त्याच्यावर दाबलं की त्याची बाकीची अ‍ॅप्स दिसतात, आणि जर एकाच माणसाने वॉलपेपर, लोन कॅल्क्युलेटर, कलरिंग बुक आणि फोन क्लीनर असं सगळं काढलं असेल तर ती खानावळ आपल्या कामाची नाही. रिव्ह्यू बघताना "सर्वात नवीन" लावून बघा, आणि त्यात टॅब्लेटवाल्यांचे रिव्ह्यू वेगळे काढता येतात तेही बघा, कारण कितीतरी अ‍ॅप्स फोनवर मस्त आणि टॅबवर नुसती ताणून मोठी केलेली, काही तर आडवी होतच नाहीत, मान वाकडी करून बघत बसा. डेटा सुरक्षिततेचा भागही तिथेच खाली असतो. रंग भरायच्या अ‍ॅपला तुमचं लोकेशन आणि कॉन्टॅक्ट्स कशाला हवेत?

रंग भरायच्या अ‍ॅपचं मुद्दाम म्हटलं, कारण आमच्याकडे झालं ते तिथेच झालं. मोराचं चित्र होतं, लेक एकेक पीस रंगवत होती आणि दर दोन पिसांनंतर जाहिरात यायची, ती बंद करायची फुली इतकी बारीक आणि कोपऱ्यात की तिचं बोट दर वेळी बाजूलाच पडायचं आणि भलतंच पान उघडायचं. एकदा असंच उघडलेल्या पानावर "तीन दिवस फुकट" असं लिहिलं होतं, तिने हो म्हटलं, माझं कार्ड आधीच जोडलेलं होतं. चौथ्या दिवशी पैसे कापल्याचा मेसेज आला, मी घाबरून अ‍ॅप उडवलं आणि पुढच्या आठवड्यात परत पैसे कापले गेले. हे नीट लक्षात ठेवा: अ‍ॅप काढून टाकलं म्हणजे सबस्क्रिप्शन बंद होत नाही. प्ले स्टोअरमध्ये आपल्या फोटोवर दाबायचं, "पेमेंट आणि सबस्क्रिप्शन" मध्ये जायचं, तिथे सबस्क्रिप्शन दिसतं, ते वेगळं रद्द करायचं. खरेदी नुकतीच झाली असेल तर 48 तासांच्या आत गूगलकडेच रिफंड मागता येतो, बऱ्याच वेळा मिळतो, त्यानंतर बनवणाऱ्याच्या मागे लागावं लागतं. आणि स्टोअरच्या सेटिंग्समध्ये दर खरेदीला पासवर्ड किंवा बोटाचा ठसा विचारायचा पर्याय आहे, तो पोरांच्या हातात टॅब द्यायच्या आधी चालू करा, नंतर नाही. आमच्या टॅबवर आता कार्डच जोडलेलं नाही.

पैसे द्यायचेच नाहीत असं माझं म्हणणं नाही हं. चांगल्या अ‍ॅपला एकदाच पैसे देऊन जाहिराती जात असतील तर मी आनंदाने देते. गूगलचा प्ले पास म्हणूनही एक प्रकार आहे, 2022 मध्ये आपल्याकडे आला तेव्हा महिन्याला 99 रुपये होता, त्यात हजाराच्या वर अ‍ॅप्स आणि गेम जाहिरातींशिवाय मिळतात. घरात गेम खेळणारी दोनतीन पोरं असतील तर विचार करण्यासारखा आहे, आमच्याकडे गरज पडली नाही.

दुसरी परीक्षा माझी स्वतःची आहे आणि गोव्यात ती घ्यायलाच हवी. अ‍ॅप घातलं, एकदा उघडलं, मग टॅब एअरप्लेन मोडवर टाका आणि परत उघडा. उघडतंय का, त्यातलं निम्मं तरी काम चालतंय का? जून लागला की आमच्याकडे वारा सुटतो, फणसाची नाहीतर माडाची फांदी तारेवर येते, वीज जाते आणि तिच्याबरोबर वायफायही जातं, दोनदोन तास, कधी रात्रभर. नेमका तेव्हाच टॅब हवा असतो कारण पोरं घरात कोंडलेली असतात आणि टीव्ही बंद. त्या वेळी जे अ‍ॅप नुसतं गोल गोल फिरत बसतं ते कितीही चांगलं असलं तरी उपयोग काय? म्हणून मी पावसाच्या तोंडावर, मे महिन्यातच, सगळं डाउनलोड करून ठेवते.

आता कागदावरच्या एकेकाचं.

बाबांच्या पेपरसाठी अ‍ॅप लागलंच नाही. आपले मराठी पेपर, गोमन्तक, नवप्रभा, तरुण भारत, यांचे ई-पेपर ब्राउझरमध्येच उघडतात. क्रोममध्ये पान उघडायचं, वरचे तीन ठिपके दाबायचे, "होम स्क्रीनवर जोडा" करायचं, की अ‍ॅपसारखंच चित्र समोर येतं आणि जागा जवळजवळ काहीच खात नाही. ज्या गोष्टीचं संकेतस्थळ चांगलं आहे तिचं अ‍ॅप घालायचंच नाही हा माझा नियम झालाय. दोन बोटांनी अक्षर मोठं करायला बाबांना एक सकाळ पुरली. शिवाय सेटिंग्समध्ये डिस्प्लेत जाऊन अख्ख्या टॅबचं अक्षर एक पायरी वाढवून ठेवलं. लिहायला जीबोर्ड (गूगलचा कीबोर्ड), त्यात मराठी घातलं की बोलून लिहिता येतं, आणि हस्ताक्षराचा कीबोर्ड निवडला तर बोटाने काचेवर देवनागरी गिरवली तरी टाइप होतं. बाबांना हेच आवडलं, ते बटणं शोधत बसत नाहीत, पाटीवर लिहावं तसं लिहितात. कोंकणीही आहे त्यात, ज्यांना हवी त्यांनी घाला.

भजनासाठी तानपुरा. अँड्रॉइडवर तानपुरा ड्रॉइड म्हणून एक अ‍ॅप आहे, साधं, पट्टी निवडा, लय निवडा, चालू करून ठेवा. बाबांची पट्टी काळी दोन, ती एकदा लावून दिली. टॅबचा स्वतःचा स्पीकर मात्र तानपुऱ्याला फार पातळ पडतो, खर्ज ऐकूच येत नाही, छोटा ब्लूटूथ स्पीकर जोडला तेव्हा कुठे बाबा म्हणाले, आता बरं. ज्यांच्याकडे आयपॅड आहे आणि घरात कुणी मनापासून गातंय त्यांनी नादसाधना बघा, पुण्याच्या संदीप रानडे यांनी बनवलंय, 2021 मध्ये त्याला अ‍ॅपलचं डिझाइन अवॉर्ड मिळालं, गाताना सूर किती लागला ते डोळ्यांना दिसतं. ऐकायला प्रसार भारतीचं न्यूजऑनएअर ठेवलंय, त्यात आकाशवाणी पणजी लागते, रेडिओची खरखर नाही. प्रसार भारतीचंच वेव्हज हे व्हिडिओचं अ‍ॅप 2024 च्या नोव्हेंबरात इफ्फी चित्रपट महोत्सवात इथे गोव्यातच सुरू झालं, जुनं दूरदर्शन बघायचं असेल त्यांनी घ्या. आणि व्हीएलसी तर प्रत्येक टॅबमध्ये हवंच. गावच्या नाटकाची जुनी शूटिंग पेनड्राइव्हवर होती, कुठल्या काळच्या फॉरमॅटमधली देव जाणे, टॅबच्या प्लेअरने हात वर केले, ओटीजी केबल (टॅबला पेनड्राइव्ह जोडायची छोटी वायर) लावून व्हीएलसीत टाकली आणि धडाधड चालली. फुकट आहे, जाहिरात एकही नाही.

लेकीच्या वाचनासाठी गूगलचं रीड अलाँग. 2019 ला "बोलो" नावाने आलं होतं, आधी भारतातच. दिया नावाची मुलगी असते, आपण मोठ्याने वाचायचं आणि ती ऐकते, अडखळलं तर तो शब्द म्हणून दाखवते. मराठी आहे, गोष्टी एकदा उतरवून घेतल्या की नेट लागत नाही. पहिल्या दिवशी लेक "क्ष" वर थांबली, मी सांगायला पुढे सरकले तर तिने मला हाताने मागे ढकललं, दिया सांगेल म्हणून. माझ्यासमोर चुकायची लाज वाटते, दियासमोर नाही वाटत. महिन्याभरात तिचा वाचायचा वेग वाढला हे मी स्वतः बघितलंय. तिच्या जोडीला स्टोरीविव्हर, प्रथम बुक्सचं, संकेतस्थळच आहे, त्यात मराठी आणि कोंकणी दोन्हीतली चित्रांची पुस्तकं फुकट आहेत, पातळीप्रमाणे लावलेली, आणि दहा इंची पडद्यावर ती चित्रं खरोखर सुंदर दिसतात, फोनवर ती मजा नाही.

धाकट्यासाठी खान अकॅडमी किड्स (दोन ते आठ वर्षांच्या पोरांसाठी, इंग्रजीत, पूर्ण फुकट, जाहिराती नाहीत, काही विकत घ्या म्हणत नाही) आणि जीकॉम्प्री. जीकॉम्प्री फार कमी लोकांना माहीत आहे म्हणून सांगते, शंभराहून जास्त छोटे खेळ आहेत त्यात, मोजणं, घड्याळ वाचणं, नळाचं पाणी कसं येतं, बुद्धिबळाच्या पहिल्या चाली, सगळं नेटशिवाय. दिसायला जरा जुनाट आहे. पोरांना त्याचं काही नसतं. मोठ्या पोरांच्या विज्ञानासाठी फेट बघा, अमेरिकेतल्या कोलोराडो विद्यापीठाने काढलंय, सर्किट जोडा, लंबक हलवा, अपूर्णांक कापा, ब्राउझरमध्ये फुकट चालतं आणि कितीतरी प्रयोग मराठीत भाषांतर झालेले आहेत. पडद्यावर बोटाने वायर ओढून दिवा लावायचा म्हणजे टॅब त्यासाठीच बनलाय असं वाटतं.

चित्रांना स्केचबुक ठेवलंय. टॅबबरोबर पेन आलं असेल तर उत्तम, नसेल तर साधं रबरी टोकाचं पेन घेऊन द्या, बोटाने काढून पोरं कंटाळतात.

गेम म्हणाल तर दोनच. लिचेस, बुद्धिबळाचं, फुकट, जाहिराती अजिबात नाहीत, कोडी आहेत, कॉम्प्युटरशी नेटशिवायही खेळता येतं. 2025 ला बुद्धिबळाचा विश्वचषक गोव्यात झाला तेव्हापासून आमच्या वाड्यावरच्या पोरांना जोर चढलाय, आणि भक्ती कुलकर्णी, लिऑन मेंडोन्सा ही आपलीच मुलं इथूनच वर गेली हे त्यांना माहीत आहे. दुसरं सायमन टॅथमचं पझल्स, चाळीसच्या आसपास आकड्यांची आणि आकारांची कोडी, अगदी छोटं अ‍ॅप, कसलाही गोंगाट नाही. हे खरं तर मी माझ्यासाठीच घातलंय.

नवऱ्याच्या पावसासाठी विंडी, वारा आणि ढग कसे सरकतायत ते मोठ्या पडद्यावर फार छान कळतं, आणि हवामान खात्याचं मौसम. पणजीला खात्याचं डॉप्लर रडार आहे, त्याचं चित्र खात्याच्या संकेतस्थळावर मिळतं, तेही होम स्क्रीनवर लावून ठेवलंय. वीज पडण्याचा इशारा देणारं दामिनी मात्र टॅबमध्ये नको, ते फोनमध्येच ठेवा. मे महिन्यात आणि परत ऑक्टोबरात आपल्याकडे गडगडाट होतो तेव्हा माणूस शेतात नाहीतर काजूत असतो, टॅब घरी. तसंच टॅक्सीचं गोवामाइल्स, यूपीआय, बँक, हे सगळं फोनचं काम, वायफायवाल्या टॅबमध्ये ते बसतही नाही नीट आणि पोरांच्या हातातल्या वस्तूत असूही नये.

आता पक्ष्यांचं अ‍ॅप, ज्याच्यामुळे मला टॅबचे पैसे वसूल झाल्यासारखे वाटतात. मर्लिन बर्ड आयडी, अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षीप्रयोगशाळेचं, फुकट. आधी घरी वायफायवर आपल्या भागाचा पॅक उतरवायचा, तो काही शे एमबीचा असतो म्हणून वेळ लागतो, मग नेट नसलं तरी चालतं. गेल्या डिसेंबरात सकाळी सव्वासहाला नवऱ्याने टॅब मागच्या पडवीत धुण्याच्या दगडावर ठेवला, साउंड आयडी (आवाजावरून पक्षी ओळखायचा भाग) चालू केलं आणि आम्ही चहा घेऊन गप्प बसलो. खाली आवाजाच्या रेघा सरकत होत्या, आणि एकेक नाव वर येत गेलं, दयाळ, बुलबुल, शिंजीर. मग आंब्यावरून ते "कुटरूक कुटरूक" सुरू झालं जे मी लग्न होऊन आल्यापासून रोज ऐकतेय आणि कधी विचारलं नाही कोण ते, तर पडद्यावर पांढऱ्या गालाचा तांबट, हिरवा, मोठ्या डोक्याचा, आणि तो ओरडला की त्याची ओळ पिवळी होते. पुन्हा ओरडला, पुन्हा पिवळी. धाकटा तर टॅब सोडून आंब्याखाली जाऊन उभा राहिला मान वर करून. आमच्याकडे नावं त्यात इंग्रजीत येतात, लेक ती मराठीत वहीत उतरवून घेते. चोडणच्या सलीम अली अभयारण्यात न्यायला मात्र टॅब अवजड, तिथे फोनमध्येच मर्लिन ठेवा. आणि एक विनंती, त्यात पक्ष्यांचे रेकॉर्ड केलेले आवाज असतात ते झाडाखाली मोठ्याने वाजवून पक्षी बोलावू नका, घरट्याच्या दिवसांत तर नाहीच, तो बिचारा आपल्या हद्दीत दुसरा आला समजून पिल्लं सोडून भांडायला येतो.

झाडाफुलांना सीक आहे, पोरांसाठीच बनवलेलं, खातं काढायला लागत नाही. माटोळीला (चवथीला गणपतीच्या वर टांगतात ती) बांधायच्या रानफळांवर आम्ही वापरून बघितलं, काही बरोबर सांगतं, काहीत नुसतं कूळ सांगून थांबतं, तेवढ्यासाठी गावातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारणं जास्त खात्रीचं. आकाशासाठी स्टेलॅरियम. टॅब वर धरला की तो तारा कुठला ते सांगणारी अ‍ॅप्स खूप आहेत पण त्यांना आत होकायंत्राचा सेन्सर लागतो आणि स्वस्तातल्या बऱ्याच टॅबमध्ये तो नसतोच, मग आकाश भलतीकडेच दाखवतं आणि लोक अ‍ॅपला नावं ठेवतात. स्टेलॅरियममध्ये बोटाने आकाश सरकवता येतं, दिशा आपण लावायची, काम होतं.

माझ्या वाचनासाठी बुकगंगा, विकत घेतलेली मराठी ई-पुस्तकं त्यात राहतात, आणि ई साहित्य प्रतिष्ठानची फुकट पीडीएफ. त्याशिवाय किविक्स, हे लहान गावातल्या घरांनी नक्की घ्या, अख्खा मराठी विकिपीडिया एकदा उतरवला की पावसात वीज गेलेल्या रात्रीही पोराचा प्रश्न अडत नाही.

पोरांच्या बाबतीत दोन गोष्टी, फार लांबण न लावता. फॅमिली लिंक घाला, फुकट आहे, नवीन अ‍ॅप घालायचं तर तुमच्या फोनवर परवानगी मागितली जाते आणि रोजचे किती तास तेही ठरवता येतं. आणि एकच अ‍ॅप उघडून पोराच्या हातात द्यायचं असेल तर सेटिंग्सच्या सुरक्षा भागात अ‍ॅप पिन करायचं आहे, तिथेच बाहेर पडताना पिनकोड विचारायचा पर्यायही चालू करा, मग तो दिल्याशिवाय त्यातून बाहेर पडता येत नाही. नोटिफिकेशन तर मी अ‍ॅप घालतानाच बंद करते, हवामान सोडून सगळ्यांच्या.

काय घालायचं नाही हेही सांगितलं पाहिजे. क्लीनर, बूस्टर, बॅटरी वाचवणारी, ही एकही नको, अँड्रॉइड ते काम स्वतः करतं आणि ही अ‍ॅप्स उलट जाहिराती दाखवून बॅटरी खातात. झटपट कर्जवाली नकोत. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली एपीके फाइल (स्टोअरबाहेरून अ‍ॅप घालायची फाइल), मग ती लग्नाची पत्रिका म्हणून आलेली असो, आरटीओचं चलन म्हणून असो की बँकेचं केवायसी म्हणून, उघडायची नाही, पाठवणारा ओळखीचा असला तरी नाही, कारण त्याचाच फोन आधी गेलेला असतो. चुकून उघडली आणि पैसे गेले तर वेळ न घालवता 1930 वर फोन करा, तो सायबर फसवणुकीचा सरकारी नंबर आहे, जितक्या लवकर कराल तितकी रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त. घरातल्या मोठ्या माणसांना हे तोंडी सांगा, हा नंबर मी आमच्या फ्रिजवर लिहून ठेवलाय.

जागेचं म्हणाल तर 64 जीबीतली बरीचशी सिस्टिमनेच घेतलेली असते. मेमरी कार्डाची खाच असेल तर व्हिडिओ आणि किविक्सची फाइल कार्डावर टाका. महिन्यातून एकदा सेटिंग्समध्ये अ‍ॅप्सची पूर्ण रांग उघडून कोणतं शेवटचं कधी वापरलं ते बघायचं, महिनाभर हात लागला नसेल तर काढायचं. पुन्हा लागलं तर पाच मिनिटांत परत येतं, कुठे जात नाही.

राहता राहिल्या आई. कागदावर त्यांच्यासमोर "काहीएक नको" एवढंच होतं आणि मीही आग्रह केला नाही. मग एका दुपारी बाबा जेवून आडवे झाल्यावर त्या ट्रंकेतून एक घडी घातलेला कागद घेऊन आल्या, पिवळा पडलेला, घड्यांवर फाटायला आलेला, त्यांच्या वडिलांचा प्रिमेर ग्रावचा, म्हणजे प्राथमिक शाळेच्या परीक्षेचा दाखला, पोर्तुगीज काळातला. म्हणाल्या, ह्यात काय लिहिलंय ते तुझा टॅब सांगेल काय गो? मी गूगल ट्रान्सलेट उघडलं, एका बाजूला पोर्तुगीज, दुसऱ्या बाजूला मराठी, आणि कॅमेरा. असं काही तुमच्या घरी असेल तर कागद खिडकीशी सपाट ठेवा, दिवा किंवा फ्लॅश नको, चकाकतो, आणि थेट कॅमेरा धरून हलत्या अक्षरांकडे बघण्यापेक्षा एक नीट फोटो काढून तोच द्या. मराठी फारच विचित्र आलं तर तोच फोटो इंग्रजीत करून बघा. जमिनीच्या किंवा कोर्टाच्या कागदाला यावर अवलंबून राहायचं नाही, त्याला पोर्तुगीज जाणणारा माणूसच हवा.

छापील ओळी मराठीत झाल्या, शाळा, परीक्षा, उत्तीर्ण, वर्ष. जिथे शाईने हाताने लिहिलं होतं तिथे मात्र त्याला काही लागेना, नुसती गिचमीड. आई वाकल्या, चष्मा वर केला, त्या गिचमिडीवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, हे माझ्या बाबांचं नाव, हे आजोबांचं, आणि हा गाव. मग दोन बोटांनी ते नाव त्यांनी स्वतःच मोठं केलं. दुसऱ्या दिवशी ट्रंकेतले आणखी चार कागद बाहेर आले, तेव्हा मी कागदावरचं "काहीएक नको" खोडून तिथे ट्रान्सलेट लिहिलं.